हरित खरेदी आणि उसाचा फड

पंचतारांकित हॉटेलांना अलीकडे पर्यावरणाचा पुळका आला आहे. टेबलावर काचेची बाटली, न्हाणीघरात बांबूचा ब्रश, आणि पार्सलसाठी उसाच्या चोथ्याची डबी! महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. तेव्हा हा पुळका सर्वस्वी स्वयंस्फूर्त नव्हे. तरीही थर्माकोलपेक्षा मातीत मिसळणारी डबी केव्हाही चांगली, हे मान्य केले पाहिजे.

परंतु पुरवठादार निवडताना विचारले काय जाते? डबी किती दिवसांत कुजते, तिला प्लास्टिकचा लेप आहे काय, कारखाना सांडपाणी कोठे सोडतो. तो ऊस तोडला कोणी, हा प्रश्न सहसा निघत नाही. बीड जिल्ह्यातून दरसाल नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मुकादमाची उचल घेऊन फडावर जाते. आजारपणात खाडा झाला की दंड कापला जातो. याच बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली असा पेटला की राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

शाश्वत खरेदीविषयीचे २०१७ चे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २०४००, पर्यावरणाबरोबर श्रमिकांचे हक्कही पाहावयास सांगते. हॉटेलवाल्यांनी ते अर्धेच वाचलेले दिसते. हॉटेल कामगारांच्या संघटनांनी पुढील करारात पुरवठादारांची यादी जाहीर करण्याचे कलम घालावे, आणि ती यादी साखर कारखान्याच्या फाटकाशी न थांबता मुकादमापर्यंत जावी.