दडपशाहीला श्रेय कशाचे?

दडपशाहीतूनच थोर वाङ्मय जन्मास येते, असे विधान आपल्याकडे मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते आणि साक्षीला आधुनिक फारशी कथा उभी केली जाते. या साक्षीची उलटतपासणी व्हावयास हवी. आमचा बेज्जूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. फिर्याद, दस्तऐवज हे वकिलाच्या नित्य व्यवहारातले शब्द फारशीनेच दिलेले. त्या भाषेच्या लेखकांची कैफियत आम्हांस परकी वाटू नये.

आधुनिक फारशी कथेचा आरंभ ज्यापासून मानतात, तो मोहम्मद अली जमालजादे यांचा कथासंग्रह १९२१ साली निघाला, तो बर्लिनमध्ये. सादिक हिदायत यांची ‘बूफ-ए-कूर’, म्हणजे ‘आंधळे घुबड’, ही कादंबरी १९३६-३७ च्या सुमारास प्रथम बाहेर पडली ती आपल्या मुंबईत. चक्रमुद्रित प्रती पन्नासेक, आणि वर सूचना, की इराणात विक्रीस मनाई! १९४१ साली रेझा शाहने गादी सोडली, तेव्हा कुठे ती तेहरानच्या वृत्तपत्रात क्रमशः आली. हिदायतांनी १९५१ साली पॅरिसमध्ये आत्महत्या केली. १९७९ साली राज्यक्रांती होऊन शाही गेली. तरीही ‘पुरुषांविना स्त्रिया’ या १९८९ च्या पुस्तकापायी शहरनूश पारसीपूर यांच्या वाट्याला तुरुंग आला, आणि पुढे परदेशवास.

प्रतिपक्ष म्हणेल, हिदायतांची ती सूचक, काळोखी शैली दडपणामुळेच घडली. घडली असेल. दडपणाने कथेला वळण लागते, हे मान्य. परंतु जी पुस्तके लिहिलीच गेली नाहीत, त्यांचा हिशेब कोणी द्यावयाचा? दडपशाही वाङ्मयाची जननी असती, तर १६८४ साली पोर्तुगीज विजरईने कोंकणीविरुद्ध फर्मान काढताच गोमंतकात ग्रंथांच्या राशी पडावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात १८२१ पर्यंत तेथे छापखानाही चालत नव्हता.

वाचकहो, सोळाव्या शतकात श्रीमंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळास न्यावे लागले. देव राहिला तो भक्तांच्या निष्ठेमुळे. प्रियोळच्या देवालयाचे श्रेय देवळे पाडणाऱ्या सत्तेला द्यावयास कोणी धजेल काय? मग हिदायतांच्या कादंबरीचे श्रेय तरी त्यांच्या शासकांना का?

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. उद्या आपल्यापैकीच कोणी एखाद्या पुस्तकावर बंदी मागेल आणि वर म्हणेल, ‘कसदार असेल तर तरेलच!’ त्याला एवढेच विचारावे : त्या पन्नास प्रती काढावयास लेखकाने कोणत्या देशी जावे?