उद्यानाची सफर आणि न उतरणारा घास

मूल दोन वर्षांचे झाले, चालू-बोलू लागले, की घरातील मंडळींस त्याला काहीतरी अपूर्व दाखविण्याची हौस उत्पन्न होते. हल्ली ही हौस पुष्कळ कुटुंबांस साता समुद्रांपलीकडे, अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात ऑर्लंडो नगराजवळ असलेल्या डिस्नेच्या विस्तीर्ण क्रीडोद्यानापर्यंत घेऊन जाते. मुलगा किंवा लेक त्या देशी असली, तर आजी-आजोबा, काका-काकू, आत्या असा सारा गोतावळा सोबत निघतो. तीन वर्षांखालील मुलास तेथे तिकीट लागत नाही, हेही एक निमित्त होते. परंतु ज्या वयात प्रवेश फुकट, नेमक्या त्याच वयात मूल खाण्याच्या बाबतीत अतिशय चोखंदळ झालेले असते, ही गोष्ट निघताना कोणाच्या ध्यानी येत नाही. मग एवढा पैसा खर्चून गाठलेल्या त्या स्थळी दिवसाचा मोठा भाग वाटी-चमचा घेऊन मुलामागे धावण्यात, आणि रात्र "आज याच्या पोटात काहीच गेले नाही" या खंतीत जाते. त्यातून सासू-सुनेत, नवरा-बायकोत जे शब्द उठतात, त्यांची आठवण सहलीच्या आठवणीहून अधिक टिकते. यास्तव या महिन्यात या विषयाचा थोडा विचार करू.

प्रथम मुलाची बाजू पाहू. जन्मताच तीन किलोग्रॅमच्या आसपास असलेले बालक वर्षाअखेर सुमारे तिप्पट वजनाचे होते. दुसऱ्या वर्षात मात्र त्याचे वजन अवघे दोन-अडीच किलोग्रॅमने वाढते. वाढीचा वेग असा मंदावला, की भूकही त्या मानाने उतरते. हा निसर्गक्रम आहे, रोग नव्हे. त्यातच दुसऱ्या वर्षापासून पुढे चार-पाच वर्षे मुलास अनोळखी अन्नाचे भय वाटते. काल आवडीने खाल्लेला पदार्थही आज निराळ्या ताटात, निराळ्या रंगाचा दिसला, तर ते तोंड फिरविते. घरी हे होते, तर जेथे माणसे, आवाज, हवा, घड्याळ सारेच परके, तेथे ते अधिक व्हावे यात नवल ते काय?

एका वेळचे जेवण पाहून घाबरणे व्यर्थ आहे, याला चांगला आधार आहे. लीन बर्च या अमेरिकन विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या आहाराची मोजणी प्रसिद्ध केली. एकेका जेवणातील अन्नाचे प्रमाण सरासरीने सुमारे एकतृतीयांश कमीजास्त होत असे. परंतु संपूर्ण दिवसाची बेरीज केली असता हा फरक सुमारे एकदशांशावर येई. सकाळी उपाशी राहिलेले मूल सायंकाळी आपला हिशेब आपणच पुरा करीत होते. त्याहूनही जुना प्रयोग डॉ. क्लारा डेव्हिस यांचा. १९२६ साली त्यांनी तो आरंभिला आणि १९३९ साली त्याचे फलित मांडिले. नुकत्याच अंगावरून सुटलेल्या एकूण १५ बालकांपुढे साधे, अमिश्रित पदार्थ ठेवीत. दाईने आग्रह करावयाचा नाही, सुचवावयाचे नाही, मूल ज्याकडे हात करील तेवढेच भरवावयाचे. प्रत्येक मुलाचा आहार निराळा झाला, तरी सारी मुले उत्तम वाढली. मात्र त्यातील मर्म डॉ. डेव्हिस यांनीच सांगून ठेविले आहे: निवड मुलाची होती, पण ज्यातून निवडावयाचे ती यादी मोठ्यांची होती, आणि त्या यादीत साखर नव्हती.

हेच सूत्र पुढे एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी गृहिणींस उमजेल अशा रीतीने मांडिले. काय वाढावे, केव्हा वाढावे आणि कोठे बसवून वाढावे, हे मोठ्यांचे काम. किती खावे आणि खावे की नाही, हे मुलाचे. आपल्या घरांत नेमके उलट घडते. काय खायचे ते दोन वर्षांचे मूल ठरविते, आणि किती खायचे ते आजी ठरविते!

आजीच्या मायेस येथे कोणी बोल लावू नये. चिऊ-काऊचे घास भरवून तिने एक पिढी वाढविली आहे, आणि मूल हसत असेल तोवर तो खेळ गोडच आहे. परंतु मूल मान फिरवीत असता दोन्ही गाल धरून घास कोंबणे, किंवा "एवढे संपव, मग तो उंदीर दाखविते" असे आमिष लावणे, यांचा परिणाम इच्छेच्या विरुद्ध होतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात मुलांना सूप संपविण्याविषयी टुमणे लाविले असता त्यांनी ते कमी घेतले, आणि त्याविषयी तक्रारी अधिक केल्या. कोणी काही न बोलता ठेविलेले सूप अधिक संपले. एकत्र कुटुंबात आग्रह करणारी तोंडे पाच असतात, म्हणून निघण्यापूर्वीच एक ठराव करावा. मुलाच्या जेवणाचा भार त्या दिवशी एकाच व्यक्तीवर असावा. इतरांनी शेजारी बसून स्वतःचे जेवण आनंदाने जेवावे. मूल न जेवल्यास आईस कोणी टोचून बोलू नये. तिचा धीर सुटला म्हणजे तो आधी मुलाला कळतो.

आता स्थळाविषयी. चार मोठी उद्याने असलेला हा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरांचा, म्हणजे मुंबई बेटाहूनही मोठा आहे. पहिले उद्यान १९७१ साली उघडले. एवढ्या पसाऱ्यात भूक लागल्यावर अन्न शोधावयास निघणे म्हणजे उशीर झालाच. सुदैवाने तेथे घरचे अन्न नेण्यास मनाई नाही. अट इतकीच, की भांडे काचेचे नसावे (तान्ह्या मुलांच्या अन्नाच्या बाटलीस सवलत आहे), अन्न तापवावे लागेल असे नसावे, आणि त्यास उग्र दर्प नसावा. तेव्हा लसणीची चटणी मुक्कामीच राहू द्यावी! प्रत्येक उद्यानात बालकांसाठी एक स्वतंत्र कक्ष असतो. तेथे मुलास भरविण्यास उंच खुर्च्या, दूध पाजण्यास निवांत जागा व लंगोट बदलण्याची सोय असते. गोंगाटास कंटाळलेल्या मुलास जेवू घालण्यास त्याहून चांगली जागा नाही. थंड पाण्याचा पेला खाद्यगृहांत मागितल्यास विनामूल्य मिळतो. आपल्याकडील कित्येक उद्यानांत मात्र बाहेरचे अन्न आत नेऊ देत नाहीत. तेव्हा खोपोलीस जा की अन्यत्र, लहान मुलाच्या डब्याविषयी आधी चौकशी करावी.

डब्यात काय असावे? जे मूल घरी निःशंक खाते, ते. नवे पदार्थ शिकविण्याची ही जागा नव्हे. तुपाचा हात लावलेल्या मऊ पोळीची सुरळी, लहान दशम्या, मऊ धिरडे, केळे, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी हे न सांडता हातात धरून खाता येते. दहीभात उन्हात फार वेळ ठेवू नये. बाहेर ३२ अंश उष्मा असता शिजलेले ओले अन्न तासाभराहून अधिक उघड्या हवेत राहिले, तर टाकून द्यावे. येथून निघताना मेतकूट, भाजणी, नाचणीचे पीठ बांधून न्यावे, परंतु अमेरिकेत उतरताच खाद्यवस्तू जवळ असल्याचे अधिकाऱ्यांस लिहून सांगावे. ताजी फळे व भाज्या मुळीच नेऊ नयेत. स्वयंपाकाची सोय असलेली जागा मुक्कामास घेतली, तर सकाळी मऊ भात-वरण खाऊनच मूल बाहेर पडू शकते, आणि पोटात एक भरीव जेवण गेले म्हणजे पुढच्या दिवसाची चिंता निम्मी होते.

तेथील खाद्यगृहांतही शाकाहारी मुलाची अगदीच आबाळ होत नाही. २००६ साली या कंपनीने असे ठरविले, की मुलांच्या थाळीबरोबर तळलेला बटाटा व गोड पेय आपोआप न देता फळ वा भाजी आणि दूध, रस वा पाणी द्यावे. दुसरे हवे असल्यास मागून घ्यावे. त्याविषयी २०१६ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे निम्म्या थाळ्यांत ते फळ वा भाजी, आणि सुमारे दोनतृतीयांश थाळ्यांत ते पेय तसेच स्वीकारिले गेल्याचे दिसले. पुढ्यात जे येते त्याला फारसे कोणी नाही म्हणत नाही. गृहिणीने हे तत्त्व घरीही ध्यानी ठेवावे. शिवाय थाळीतील भात, घेवड्याचे दाणे, दही, सफरचंदाचा गर हे पदार्थ आपल्या मुलास ओळखीचे वाटतात. पंगतीप्रमाणे हवे ते वाढून घेण्याच्या खाद्यगृहात तीन वर्षांखालील मूल मोठ्यांच्या ताटातून खाऊ शकते, आणि त्याच्या आवडीनिवडीची परीक्षा फुकटात होते.

वेळेचे भान याहूनही महत्त्वाचे. येथून गेलेल्या मुलाच्या पोटातील घड्याळ तेथील घड्याळाहून उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते. मध्यरात्री ते जेवण मागेल आणि भर दुपारी पेंगेल. म्हणून पहिले दोन-तीन दिवस उद्यानाचा बेत न ठेविलेला बरा. पुढे दर अडीच-तीन तासांनी खाणे, आणि मध्ये केवळ पाणी, असा क्रम ठेवावा. हातात सतत बिस्किटाचा पुडा व दुधाची बाटली असेल, तर जेवणाच्या वेळी भूक येणार कोठून? एक ते तीन वर्षांच्या मुलास दिवसाकाठी फळांचा रस १२० मिलिलिटरांहून अधिक देऊ नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली सांगितले आहे. दूधही अर्धा लिटर पुरे. अतिदुधाने अन्नाची रुची जाते व अंगी लोह कमी पडते. दुपारचे जेवण गर्दीपूर्वी, अकराच्या सुमारास उरकून मुलास मुक्कामी निजवावे. उन्हाळ्यात तेथे दुपारी मेघगर्जनेसह पाऊस येतो, तोही त्या निद्रेत निघून जातो.

एक धोका मात्र स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. त्या उद्यानांत जागोजागी मक्याच्या लाह्या विकतात, आणि मूल काही खात नाही म्हणून हरलेली माणसे त्याच त्याच्या हाती देतात. चार वर्षांखालील मुलास लाह्या, शेंगदाणे, फुटाणे, कच्च्या गाजराचे तुकडे, कडक गोळ्या देऊ नयेत. त्या श्वासनलिकेत अडकून प्राणावर बेतते. द्राक्ष द्यावयाचे तर उभे चार भाग करूनच. धावताना, हसताना, पाळण्यात किंवा ढकलगाडीत आडवे असताना मुलास खाऊ घालू नये. घशात काही अडकल्यास पाठीवर व पोटावर दाब कसा द्यावा, हे घरातील निदान दोघांनी निघण्यापूर्वी वैद्यांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे. तेथे तातडीच्या मदतीसाठी ९११ हा क्रमांक आहे.

गोड पदार्थांविषयी इतकेच, की ते बक्षीस म्हणून देऊ नयेत आणि दंड म्हणून काढूनही घेऊ नयेत. भाताचा घास घेतला तर बर्फाची मलई, असा सौदा केला, की मूल एकच धडा घेते: भात वाईट, म्हणून त्यास लाच द्यावी लागते. दिवसातून एकदा, ठरल्या वेळी, सर्वांबरोबर ते खाऊ द्यावे आणि विषय संपवावा.

चार दिवस मूल पोळी, केळे आणि दूध यांवरच राहिले, तरी ते खेळते, हसते व लघवीस नेहमीप्रमाणे जाते, तोवर चिंतेचे कारण नाही. सात-आठ तास लघवी झाली नाही, ओठ व तोंड कोरडे पडले, रडताना अश्रू येईनात, किंवा मूल मलूल होऊन पडून राहिले, तर मात्र पुढच्या खेळाचा मोह न धरता तत्काळ वैद्य गाठावा. तसेच महिनोन्‌महिने वजन वाढत नसेल, किंवा मूल घास गिळताना वारंवार ठसकत असेल, तर तो चोखंदळपणा नव्हे; त्याची तपासणी प्रवासापूर्वीच करून घ्यावी. घरी परतल्यावर नेहमीच्या पाटावर, नेहमीच्या ताटात नवे पदार्थ थोडे थोडे, न बोलता पुन्हा वाढू लागावे. एखादी भाजी आपली वाटावयास मुलास ती दहा-पंधरा वेळाही पाहावी व चाखावी लागते, आणि तेवढा धीर घरच्या स्वयंपाकघरात धरता येतो.