'शेवटचं परदेशी जहाज' म्हणण्याआधी

संपादक महाशय,


1 जुलै 2025 रोजी रशियातल्या कालिनिनग्राडच्या यांतार गोदीत 'आयएनएस तमाल' ही फ्रिगेट आपल्या नौदलात दाखल झाली. तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर पडतं आहे: परदेशात बांधून घेतलेली ही आपली शेवटची युद्धनौका. वर्तमानपत्रांनी ते छापलं, भोरच्या एसटी स्टँडवरही ते पोचलं. ऐकून मलाही अभिमान वाटला. पण त्या वाक्यावर आपण जेवढा भार टाकतो आहोत तेवढा त्याला पेलणारा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठी हे पत्र.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. युद्धनौका आतून कधी पाहिली नाही. इंजिन मात्र लहानपणापासून पाहत आलो, कारण वेल्हे तालुक्यात आमची भाताची गिरणी होती. इंजिन विलायती, वडिलांनी जुनंच घेतलेलं. पट्टा तुटला, बुश झिजला, गॅस्केट उडालं, तरी भोरचा लेथवाला संध्याकाळपर्यंत काम करून द्यायचा. एका मार्गशीर्षात, ऐन हंगामात, फ्युएल पंपाचा प्लंजर गेला. बोटाएवढा पोलादी दांडा. तो बॅरलमध्ये इतका नेमका बसावा लागतो, की केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढी फटसुद्धा जास्त होते. लेथवाल्यानं तो उजेडात धरला, अंगठ्यानं चाचपला आणि परत दिला. "अण्णा, हे आपल्या लेथवर नाही व्हायचं." मुंबईहून दुसरा प्लंजर यायला तीन आठवडे लागले. गिरणीच्या भिंती आमच्या, हलर पुण्याचा, पट्टा इथलाच. तरी आंबेमोहराची पोती दारात पडून राहिली आणि बायका ती परत डोक्यावर घेऊन गेल्या, घरी उखळात कांडायला.

'तमाल' आणि तिची जोडीदार 'तुशील' यांची गोष्ट मला म्हणूनच जवळची वाटते. हे सांगाडे मुळात रशियाच्या नौदलासाठी उभे राहत होते. या जातीच्या जहाजांना चार-चार गॅस टर्बाइन लागतात आणि ती बनतात युक्रेनच्या मिकोलाइव्ह शहरातल्या झोर्या-माशप्रोएक्त कारखान्यात. 2014 साली रशियानं क्रिमिया गिळला आणि युक्रेननं इंजिनं देणं बंद केलं. रशियासारखी आरमारी सत्ता, गोदी स्वतःची, पोलाद स्वतःचं, क्षेपणास्त्रं स्वतःची, आणि सांगाडे इंजिनाविना उभे. शेवटी भारतानं युक्रेनकडून टर्बाइन विकत घेऊन रशियात पोचवली, तेव्हा कुठे या दोन नौका पुऱ्या झाल्या. 125 मीटर लांब, सुमारे 3,900 टनांची, ब्राह्मोस डागणारी, ताशी 30 सागरी मैलांच्या पुढे धावणारी ही नौका काही वर्षं अडली ती गोदीमुळे नव्हे. रशियाचा प्लंजर बाहेरचा होता, म्हणून.

आता याच आराखड्याच्या दोन फ्रिगेट गोवा शिपयार्डमध्ये तयार होत आहेत. 'त्रिपुट' 23 जुलै 2024 ला पाण्यात उतरली, 'तवस्या' 22 मार्च 2025 ला. गोव्याच्या कामगारांचं हे मोठं काम आहे. पण टर्बाइन तीच, युक्रेनची. माझगाव गोदीची नवी फ्रिगेट 'निलगिरी' 15 जानेवारी 2025 ला दाखल झाली. आराखडा आपला, पोलाद आपलं, सुमारे 75 टक्के सामग्री देशी, आणि मुख्य गॅस टर्बाइन अमेरिकी कंपनीच्या आराखड्याची. जहाज परदेशी की देशी हे आपण गोदी पाहून ठरवतो. इंजिनखोलीत उतरून पाहिलं, तर 'शेवटचं' हा शब्द उच्चारायला अजून अवकाश आहे. टक्क्यांचा आकडाही इथे फसवा ठरतो. आमच्या गिरणीतला प्लंजर किमतीच्या हिशेबात एक टक्काही नव्हता.

'विमानांच्या आणि जहाजांच्या इंजिनांत जगभर हेच चालतं, जर्मनीच्या नव्या फ्रिगेटवरही अमेरिकी टर्बाइन आहे,' असं एका मित्रानं मला सुनावलं. त्याचं खरं आहे. पण जर्मनीच्या डिझेल इंजिनांसाठी जगातली नौदलं रांग लावतात. जर्मनी अडवली गेली, तर तिच्याही हातात अडवण्यासारखं काहीतरी आहे. आपल्या हातात काय आहे? तेजस विमानांचं घोडं अमेरिकी इंजिनांच्या उशिरामुळे कसं अडलं, हे ताजंच आहे. तिथे तर वैरही नव्हतं. नुसता उशीर पुरेसा झाला.

परदेशातून जहाजं घेतली ही नामुष्की होती, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्या वेल्हे तालुक्याला आता राजगडाचं नाव मिळालं आहे, तिथला माणूस तसं म्हणूच शकत नाही. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजीमहाराजांनी आरमाराला हात घातला, तेव्हा राजधानी राजगडावर होती, समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या या बाजूला. जहाजबांधणीसाठी महाराजांनी वसईकडचे पोर्तुगीज कारागीर नेमले. त्यांचा म्होरक्या रुई लैतांव व्हियेगस. हे आरमार पुढे आपल्यालाच जड जाईल, हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कारागिरांना फितवलं आणि 1659 च्या सुमारास ते काम टाकून निघून गेले. परक्यांना कामावर घेतलं ही महाराजांची चूक नव्हती. इथे ती विद्या नव्हती, म्हणून जिथे होती तिथून आणली. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: ते गेल्यावर काम थांबलं नाही. इथल्या सुतारांनी, लोहारांनी, कोळी-भंडाऱ्यांनी गुराबा आणि गलबतं बांधली. पाच वर्षांनी सिंधुदुर्गाचा पाया पडला. परक्या कारागिराच्या शेजारी आपला माणूस उभा होता आणि तो नुसता लाकडं वाहत नव्हता, असाच याचा अर्थ मी लावतो.

आज तसा माणूस उभा करण्याची जागा आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'मध्ये 1945 पासून नौदलाचे इंजिनवाले घडतात. वालचंदनगरच्या कारखान्यानं नौदलाच्या जहाजांना गिअरबॉक्स दिले आहेत. आणि 2 एप्रिल 2025 रोजी नौदलानं किर्लोस्कर ऑइल इंजिन्सशी 6 मेगावॅटच्या सागरी डिझेल इंजिनाचा नमुना बनवण्याचा करार केला. खर्च 270 कोटी, त्यातला 70 टक्के केंद्राचा. 6 मेगावॅट म्हणजे सुमारे 8,000 अश्वशक्ती. नीरेच्या काठी ज्यांच्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनांनी आमच्या भागातला ऊस भिजवला, त्याच घराण्याच्या कारखान्याकडे हे काम आलं आहे. गॅस टर्बाइनची जागा ते घेणार नाही, ती वेगळी विद्या आहे. पण सुरुवात इथूनच होते. या बातमीला मी पाहिलेल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक रकाना मिळाला. 'तमाल'चा फोटो पहिल्या पानावर होता.

माझी भीती एवढीच आहे की नमुना तयार होईल, चाचणीत कुठेतरी तडकेल, आणि मग कोणीतरी फाइलवर लिहील की परदेशी इंजिन सिद्ध झालेलं आहे, स्वस्त आहे, तेच घ्यावं. पहिलं इंजिन तडकणारच. वर्कशॉपमध्ये पहिल्याच जॉबला काटकोन बरोबर आलेला मुलगा मी पाहिलेला नाही. फाइल, म्हणजे कानस, त्याच्या हातात परत द्यायची असते, काढून घ्यायची नसते. म्हणून नमुन्याच्या करारासोबतच पुढच्या इंजिनांची मागणी नौदलानं आज लेखी द्यावी, म्हणजे कारखान्याला यंत्रं आणि माणसं धरून ठेवता येतील. आणि या कामात लागणारी मुलं राजगड-भोरच्या आयटीआयमधूनही घ्यावीत. इथली मुलं चाकण-शिरवळला कंत्राटी म्हणून जातात आणि वर्ष भरायच्या आत परत येतात. त्यांच्या हातात कसब आहे. दहा वर्षं एकाच कामावर टिकण्याची संधी नाही.

आपल्याला एक विनंती. गोव्याच्या दोन फ्रिगेट नौदलात दाखल होतील, तेव्हा आपला वार्ताहर तिथे असेलच. लांबी, टनभार आणि क्षेपणास्त्रं यांच्याबरोबर त्यानं दोन गोष्टी विचाराव्यात: इंजिन कुणाचं, आणि ते उघडून पुन्हा बसवण्याचं काम कुठे होणार? जे उत्तर मिळेल ते पहिल्या पानावर छापावं.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक
वेल्हे (ता. राजगड, जि. पुणे)