पत्र पाठवलं, तपासणीचे पैसे कोण देणार?

अमेरिकेत मॅमोग्राफी करून घेतलेल्या बाईच्या घरी निकालाचं पत्र येतं. १० सप्टेंबर २०२४ पासून त्या पत्रात काही ओळी घालणं देशभर बंधनकारक झालं आहे. तुमच्या स्तनांच्या ऊती दाट आहेत किंवा नाहीत, हे त्यात स्पष्ट सांगायचं. दाट असतील तर गाठ दिसायला अवघड जातं, कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो, काही जणींना आणखी तपासण्यांचा उपयोग होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांशी बोला, असं सांगून मजकूर संपतो. त्या ‘आणखी तपासण्यां’चं बिल कोणी भरायचं, याबद्दल चकार शब्द नाही.

या पत्रावरून दोन तट आहेत. पहिला म्हणतो, सरकारनं डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये नाक खुपसू नये. असल्या पत्रांनी धडधाकट बायका उगाच घाबरतात. दुसरा म्हणतो, पत्र गेलं, जागृती झाली, कायद्यानं आपलं काम केलं. पहिल्या तटाचे आक्षेप अभ्यासू आहेत आणि त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. दुसऱ्या तटाचं समाधान मात्र मला धोकादायक वाटतं. आधी पहिल्याकडे वळू.

मॅमोग्राफीच्या चित्रात चरबी काळपट दिसते आणि दाट ऊती पांढऱ्या. गाठही पांढरीच. त्यामुळे दाट स्तनात गाठ लपून राहते. ऊतींची ही घनता हाताला कळत नाही, आकारावरून ओळखता येत नाही. ती फक्त चित्रात दिसते. रेडिओलॉजिस्ट तिचे चार वर्ग करतात. चाळिशीपुढच्या जवळजवळ निम्म्या बायका वरच्या दोन वर्गांत मोडतात आणि साधारण १० टक्के सर्वांत दाट वर्गात. म्हणजे हा आजार नाही, विकृती नाही. गोरंसावळं असावं इतकं ते साधं आहे. पण चित्र किती विश्वासानं वाचायचं हे त्यावरच ठरतं.

कनेक्टिकटच्या नॅन्सी कॅपेलो नेमानं मॅमोग्राफी करून घेत. निकाल नेहमी ‘नॉर्मल’. अशाच एका नॉर्मल निकालानंतर सहा आठवड्यांनी डॉक्टरांच्या हाताला काहीतरी लागलं. पुन्हा मॅमोग्राफी केली, तीत काहीच दिसलं नाही. सोनोग्राफीत मात्र गाठ दिसली. २००४ साल होतं. रोग तिसऱ्या टप्प्यात होता आणि १३ लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला होता. त्यांच्या ऊती दाट आहेत ही नोंद रेडिओलॉजिस्टच्या अहवालात होत असे, तो अहवाल डॉक्टरांच्या फाइलला लागत असे, आणि बाईंना येणाऱ्या पत्रात तेवढंच गाळलेलं असे. यापुढे रुग्णांना हे सांगत जा, अशी विनंती त्यांनी आपल्या डॉक्टरांना केली. तशी पद्धत नाही, असं उत्तर मिळालं. मग त्या विधिमंडळाकडे गेल्या. २००९ मध्ये कनेक्टिकटनं घनता कळवण्याचा देशातला पहिला कायदा केला, आणि पुढच्या दशकात तिसाहून अधिक राज्यं त्याच वाटेनं गेली. २०१८ मध्ये कॅपेलो वारल्या, त्या कर्करोगावरच्या उपचारांतून उद्भवलेल्या रक्तविकारानं.

‘सरकारचं नाक’ या आक्षेपाला एवढी हकीकत पुरे व्हावी. कायद्यानं डॉक्टरांना कोणतंही नवं निदान करायला लावलं नाही. जे लिहून ठेवलेलंच होतं ते जिच्या शरीराबद्दल आहे तिला सांगा, इतकंच म्हटलं.

भीतीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी २०११ मध्ये असाच एक मसुदा सही न करता परत पाठवला. माहिती देण्याऐवजी पत्र बायकांना आडून आणखी तपासण्यांचा सल्ला देतं, ही त्यांची हरकत होती. शब्द सुधारल्यावर २०१२ मध्ये त्यांनीच सही केली. माझ्या मते दोन्ही वेळा ते बरोबर होते. राज्याराज्यांची जुनी पत्रं पाहिली तर बरीचशी वकिलानं वकिलासाठी लिहिल्यासारखी आहेत. ज्या बाईला इंग्रजी रोजच्या वापरापुरतंच येतं तिनं ती वाचून काय करावं? पण वाईट लिहिलेल्या पत्रावर उपाय म्हणजे चांगलं पत्र. गप्प बसणं हा उपाय नव्हे.

आता पुराव्याबद्दल. जादा तपासणीनं जीव वाचतात हे सिद्ध कुठे झालंय, असं विचारलं जातं. अमेरिकेचं प्रतिबंधक आरोग्यसेवांचं तज्ज्ञमंडळही एप्रिल २०२४ च्या शिफारशीत तेच म्हणतं: ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करा, पण दाट ऊती असलेल्यांना सोनोग्राफी किंवा एमआरआय जोडावं की नाही हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. ‘अपुरा’ म्हणजे ‘निरुपयोगी’ नव्हे. नेदरलँड्समध्ये सर्वांत दाट ऊती असलेल्या ४० हजारांहून अधिक बायकांवर मोठी चाचणी झाली. २०१९ मध्ये तिचे निकाल आले. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उघड होणारे कर्करोग नुसत्या मॅमोग्राफीत हजारी ५ होते. ज्या गटाला एमआरआय देऊ केलं त्यात ते अडीचवर आले. त्याचबरोबर पहिल्याच फेरीत हजारातल्या जवळजवळ ८० जणींना ‘काहीतरी दिसतंय’ असं खोटं सांगितलं गेलं. मृत्यू किती टळले हे त्या निकालांत नाही. ही दोन्ही पारडी बाईसमोर ठेवायला हवीत. सर्वांत दाट वर्गातल्या बाईनं, विशेषतः घरात आईला किंवा बहिणीला हा रोग झालेला असेल तर, हे वाचून एमआरआय मागितलं तर तिला घाबरट म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. दुसरीनं तोच मजकूर वाचून ‘नको’ म्हटलं तर तीही शहाणीच.

पण निवड खरी कधी? दोन्ही दारं उघडी असतील तेव्हा. इथे दुसऱ्या तटाचा खोटेपणा उघडा पडतो.

कनेक्टिकटची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तिथे पत्राचा कायदा २००९ चा, पण दाट ऊतींसाठी सोनोग्राफीचा खर्च विम्यानं द्यावा हा कायदा त्याच्याही आधीचा, २००५ चा. आधी पैशाची सोय, मग माहिती. नक्कल करणाऱ्या बऱ्याच राज्यांनी त्यातला फुकटचा अर्धा भाग उचलला. टेक्सासनं २०११ मध्ये पत्र सक्तीचं केलं, कॅलिफोर्नियानं २०१२ मध्ये. त्या दोन्ही कायद्यांत जादा तपासणीचा भार विम्यावर टाकला नव्हता. बाईला सांगायचं, तुझं चित्र पूर्ण भरवशाचं नाही; आणि भरवशाचं चित्र हवं असेल तर खिशात हात घाल. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच.

हा खिसा कसा कापला जातो ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहिल्या मॅमोग्राफीचं नाव ‘स्क्रीनिंग’. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यामुळे ती बहुतेक योजनांत फुकट. चित्र नीट दिसलं नाही म्हणून त्याच बाईला त्याच खोलीत पुन्हा बोलावलं, की त्या भेटीचं नाव ‘डायग्नॉस्टिक’ होतं. यंत्र तेच, तंत्रज्ञ तीच; बदलला तो बिलावरचा कोड. आता डिडक्टिबल लागू होतं, म्हणजे आधी ठराविक रक्कम, दीड-दोन हजार डॉलरसुद्धा, स्वतः भरायची आणि मग विमा सुरू. काही दिवसांनी विमा कंपनीचा कागद येतो, वर ठळक अक्षरांत: हे बिल नाही. बिल त्याच्या मागून येतं.

पेनसिल्व्हेनियात हे उघड दिसलं. तिथे २०२० च्या कायद्यानं एमआरआय आणि सोनोग्राफी विम्यात आणली खरी, पण रुग्णाचा वाटा तसाच राहिला. शेवटी २०२३ मध्ये दुसरा कायदा करून जास्त धोका असलेल्या बायकांसाठी तो वाटा काढून टाकावा लागला. गव्हर्नर जॉश शपिरो यांनी पदावर आल्यावर सही केलेला तो पहिलाच कायदा.

तरी एक पळवाट बुजवणं राज्यांच्या हातात नाहीच. १९७४ च्या ‘एरिसा’ या केंद्रीय कायद्यानुसार जी कंपनी कर्मचाऱ्यांचा दवाखान्याचा खर्च स्वतःच्या पैशातून भागवते, तिच्या योजनेला राज्याचे विमा कायदे लागू होत नाहीत. नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक अशा ‘सेल्फ-फंडेड’ योजनांत आहेत. न्यू जर्सीनं २०१४ मध्ये पत्र आणि विमा दोन्ही एकाच कायद्यात बांधले. तो या प्रकारच्या चांगल्या कायद्यांपैकी एक. पण एडिसन-पार्सिपनीकडची आपली कितीतरी मंडळी बड्या आयटी, औषध किंवा बँकिंग कंपन्यांत आहेत. कार्डावर नामांकित विमा कंपनीचं बोधचिन्ह असतं, म्हणून विमा तिचाच, असा समज होतो. प्रत्यक्षात ती कंपनी फक्त क्लेमचे कागद हाताळते आणि पैसे मालकाचे असतात. मंडळाच्या गणेशोत्सवात शेजारी बसलेल्या दोन मैत्रिणींपैकी एकीची सोनोग्राफी कायद्यानं विम्यात बसते आणि दुसरीची बसत नाही. पत्र मात्र दोघींना सारखंच.

‘एकेक तपासणी विम्यावर लादत गेलात तर हप्ते वाढतील,’ हा विमा कंपन्यांचा ठेवणीतला युक्तिवाद. वाढतील, नाही कशाला म्हणू? खर्च काही हवेत विरत नाही. तो सगळ्यांनी थोडा थोडा उचलायचा की जिच्या ऊती दाट तिनंच उचलायचा, एवढाच प्रश्न आहे. तो वाटून घेण्यासाठीच विमा असतो. शिवाय निम्म्या बायकांना एमआरआय द्या असं मी म्हणत नाही. सर्वांत दाट वर्ग, घराण्यातला इतिहास, जनुकीय दोष, इथून सुरुवात करा. पुरावा वाढेल तशी मर्यादा सरकवा.

२०२६ पासून सुरू होणाऱ्या योजनांसाठी केंद्रीय मार्गदर्शक सूचना एक पाऊल पुढे गेल्या आहेत: मॅमोग्राफीची तपासणी पूर्ण करायला आणखी चित्रण किंवा बायोप्सी आवश्यक ठरली तर तीही रुग्णाच्या वाट्याविना. यात सेल्फ-फंडेड योजनाही येतात. कनेक्टिकटनंतर वीस वर्षांनी का होईना, स्वागत. मात्र निव्वळ दाट ऊतींमुळे केलेलं चित्रण ‘आवश्यक’ धरायचं की नाही, यावर कंपन्यांना वाद घालायला जागा आहेच. पत्र सक्तीचं करताना शब्दन् शब्द ठरवून देणाऱ्या सरकारला हा एक शब्दही ठरवून देता येईल.

महाराष्ट्रानंही असा कायदा करावा, असं कुणी सुचवेल. घाई नको. आपल्या घटनेत सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे आणि विमा संघसूचीत. राज्याला पत्र सक्तीचं करता येईल, पैसे भरायला लावता येणार नाहीत. म्हणजे नेमका तो अर्धाच कायदा आपल्या पदरात पडेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनांची तपासणी कधीतरी झालेल्या ०.९ टक्के निघाल्या. जिथे मॅमोग्राफीच नाही तिथे तिच्या अहवालातली घनता कोणाला कळवणार? मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयानं १९९८ पासून दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातानं तपासणी केली. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, त्याखालच्या वयात मात्र तसा फरक पडला नाही. आपली सुरुवात तिथून व्हावी. आज आशाताई घरोघर फॉर्म भरतात, स्तनात गाठ आहे का हे विचारतात, आणि ‘हो’ आलं की बाईला वरच्या दवाखान्यात जायला सांगतात. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, बायोप्सीची तारीख हे सगळं तिच्यावर. ऑक्टोबरात इमारतींवर गुलाबी रोषणाई करणाऱ्यांनी त्या भाड्याची तरतूद कुठल्या लेखाशीर्षाखाली आहे, हेही एकदा विचारावं.

आणि अमेरिकेतल्या मराठी वाचकांना एक विनंती. मॅमोग्राफीच्या तारखेआधी एचआरला लेखी विचारा: आपली योजना सेल्फ-फंडेड आहे का, आणि दाट ऊतींमुळे डॉक्टरांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय सांगितलं तर माझा वाटा किती? उत्तर ‘सेल्फ-फंडेड आहे, वाटा भरावा लागेल’ किंवा ‘बघावं लागेल’ असं आलं, तर ते ईमेल आपल्या भागातल्या काँग्रेस प्रतिनिधीच्या कार्यालयात पाठवा. एरिसा बदलण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला नाही, तो काँग्रेसलाच आहे.