किनारा निवडताना तिथी पाहावी

लक्ष्मीपूजन आटोपले की व्यापारी घरांना चार-पाच दिवसांची उसंत लाभते. लाभपंचमीच्या मुहूर्तावर पेढी पुन्हा उघडेपर्यंतचा हा अवधी अनेक कुटुंबे कोकणात किंवा गोव्यात समुद्रकिनारी घालवितात. किनारा कोणता, याचा निर्णय मात्र बहुधा छायाचित्रे पाहून होतो. ज्या घरात उधारीवर माल देण्यापूर्वी समोरच्याची पत दहा ठिकाणी तपासली जाते, त्याच घरातील मुले ज्या पाण्यात उतरणार, त्या पाण्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

छायाचित्रात वाळूचा रंग दिसतो; पाण्याखालचा उतार दिसत नाही. गणपतीपुळ्याचा किनारा देखणा खरा, पण तेथील उतार तीव्र आहे. लाटा काठाजवळच फुटतात आणि थोड्याच अंतरावर पायाखालची जमीन सुटते. देवदर्शनासाठी व वाळूवर फिरण्यासाठी तेथे अवश्य जावे. स्नानासाठी ती जागा नव्हे. याउलट दापोलीजवळचे मुरूड व कर्दे, किंवा श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर, हे किनारे सपाट व रुंद आहेत. तेथे पाण्याची खोली हळूहळू वाढते. मात्र सपाट वाळूचा मोह वेगळा असतो. ओहोटीच्या वेळी हौसेने खाली नेलेली मोटार चाके रुतून अडकते आणि भरती काही तिच्यासाठी थांबत नाही. तारकर्लीची वाळू स्वच्छ, परंतु लगतच्या देवबागेत कर्ली नदी समुद्राला मिळते. संगमाजवळचा ओढा फसवा असतो, म्हणून तेथे पाण्यात उतरणे टाळावे. गोव्यात काणकोणजवळचे पाळोळे चंद्रकोरीच्या आकाराचे असून दोन्ही टोकांच्या खडकाळ भूशिरांमुळे लाटांचा जोर तेथे तुलनेने कमी असतो.

उतारानंतर पाहायची ती वेळ, आणि ती पंचांगात सापडते. कोकण किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब दोन्ही पक्षांना आणि दिवसा व रात्री असा दोन्ही वेळांना लागू पडतो. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तर अष्टमीच्या आसपास पाण्याची चढउतार सर्वांत कमी असते. तिला भांगाची भरती म्हणतात.

आता दिवाळीच्या सुट्टीचा हिशेब मांडावा. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, म्हणजे सुट्टीचा आरंभ ऐन उधाणात होतो. प्रतिपदेची भरती दुपारी पाऊणच्या सुमारास, पंचमीची पावणेचारच्या सुमारास. म्हणजे या पाचही दिवशी संध्याकाळी पाच-सहा वाजता, सारे कुटुंब सूर्यास्त पाहण्यासाठी किनाऱ्यावर जमलेले असताना, पाणी ओसरत असते. मुलांनी पाण्यात खेळण्यास सर्वांत उतावीळ व्हावे, ती हीच वेळ.

किनाऱ्यावर येऊन फुटलेले पाणी अरुंद वाटेने वेगाने समुद्रात परतते. अशा वाटेवर लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. कोणी त्या प्रवाहात सापडल्यास त्याने काठाच्या दिशेने झुंजून दमू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे आणि मग काठाकडे वळावे. पोहता येत नसल्यास अंग सैल सोडून तरंगत राहावे व हात उंचावून मदत मागावी. काठावरील माणसांनी मागोमाग उडी घेऊ नये. जीवरक्षकाला बोलवावे आणि दोर, रिकामा बंद डबा किंवा तरंगेल अशी वस्तू बुडणाऱ्याकडे फेकावी.

तेव्हा किनारा ठरविताना निवासाच्या यजमानाला तीन प्रश्न विचारावेत : उतार कसा आहे, जीवरक्षक कोणत्या वेळेत असतात, आणि गावातील माणसे स्वतः कोठे पोहतात? चौथा प्रश्न स्वयंपाकघराचा. किनाऱ्यावरील बहुतेक घरांत मासळी शिजते. शाकाहारी भोजनासाठी वेगळी भांडी आहेत का आणि ते सूर्यास्तापूर्वी मिळेल का, हे आगाऊ रक्कम पाठविण्याआधीच स्पष्ट करून घ्यावे. जून ते सप्टेंबर या काळात मात्र प्रश्नच नको. तेव्हा समुद्र काठावरूनच पाहावा.

पाण्यातील खेळ सकाळी, जीवरक्षकाच्या नजरेसमोर व कमरेइतक्याच पाण्यात उरकावा आणि संध्याकाळ कोरड्या वाळूवर घालवावी. सूर्यास्त तेथूनही तितकाच सुंदर दिसतो. सुट्टीच्या जमाखर्चात एखादा खेळ कमी पडला तरी चालेल. लाभपंचमीला पेढी उघडताना घरातील प्रत्येक जण हजर असला पाहिजे.