फ्रेंच आटे आणि खंडाळ्याचा घाट

खंडाळा म्हटलं की बहुतेकांना काय आठवतं? ‘गुलाम’मधला आमिर, चिक्की, पावसातली भजी आणि एक्स्प्रेस-वेवरचा ट्रॅफिक जॅम. पण आपल्या आई-बाबांच्या पिढीतल्या काही वेड्या मंडळींना खंडाळा म्हटलं की पोटरीत आलेला गोळा आठवतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोली सुटलं की बोरघाट सुरू. तो सगळ्यांत आधी चढून जाणाऱ्याला वेगळा किताब, ‘घाटाचा राजा’! पहिल्या नंबरइतकाच, किंवा कांकणभर जास्तच भाव या किताबाला.

असेच एक राजा होता होता राहिलेले काका खंडाळ्यात राहतात. वय ७६. त्यांची सायकल गेले पाच महिने माझ्या वन-रूम-किचनमध्ये फ्रिजशेजारी उभी आहे. पांढरी फ्रेम, काळे लग (लग म्हणजे नळ्या जिथे जुळतात तिथल्या नक्षीदार बाह्या), प्यूजो कंपनी, मॉडेल पीएक्स-१०. हो, मोटारवाली प्यूजोच. १८८२ पासून सायकली बनवणारी. एडी मर्क्स १९६६-६७ मध्ये याच कंपनीच्या टीमकडून शर्यती मारत होता आणि १९७५ ची तूर द फ्रान्स त्याच मर्क्सला हरवून बर्नार्ड तेव्हनेने जिंकली, तीही प्यूजोवरच. काकांची सायकल त्यांच्या मर्चंट नेव्हीतल्या मेव्हण्याने १९७४ साली मार्सेयहून बोटीतून आणली.

आता बंगला विकायचा ठरलाय. सायकलीचं काय? मुलाने एक कॅफे गाठला होता. त्यांना भिंतीवर टांगायला ‘व्हिंटेज पीस’ हवा होता आणि पैसेही बरे देत होते. काका माझ्याकडे वळून म्हणाले, “अगं, तू पेपरात लिहितेस ना? मग हिला घाट चढवून दाखव. चढली तर तुझी. नाही चढली तर जाऊ दे भिंतीवर.” मुदत दिवाळीपर्यंत, कारण त्यानंतर घराचा ताबा द्यायचा.

मला वाटलं, ओव्हरऑइल केली, टायर बदलले, की झालं. पण फ्रेंच लोकांनी त्या काळात सगळ्या जगापासून वेगळे आटे पाडून ठेवलेत, हे पहिल्याच दिवशी कळलं. आपल्याकडच्या सायकलींना बॉटम ब्रॅकेटच्या चेनकडच्या कपाला उलटे आटे असतात. फ्रेंच सायकलीला दोन्हीकडे सुलटेच. म्हणजे आपला मेकॅनिक वर्षानुवर्षांच्या सवयीने पाना लावून जोर करणार आणि कप सुटण्याऐवजी आणखी आवळणार. आमच्या कोथरूडच्या दादांनी पाना लावलासुद्धा होता, पण काकांनी फोनवर बजावलं होतं म्हणून मी ओरडले. दादा दोन मिनिटं माझ्याकडे बघतच राहिले. “ताई, पन्नास वर्षांत पहिल्यांदा कोणी मला आटे शिकवतंय.”

पेडलची गंमत आणखी वाईट. फ्रेंच पेडलचा व्यास १४ मिलिमीटर, आपल्याकडे मिळणाऱ्याचा नऊ सोळांश इंच, म्हणजे १४.३ च्या आसपास. डोळ्याला फरक दिसत नाही. जोर लावला तर पेडल जातंही आत, पण क्रँकचे आटे खाऊन! हँडलचा स्टेमसुद्धा २२.२ ऐवजी २२ मिलिमीटरचा. आणि विनोद असा की एवढ्या फ्रेंच अभिमानाच्या सायकलीच्या नळ्या मात्र रेनॉल्ड्स ५३१, म्हणजे अस्सल इंग्लिश, बर्मिंगहॅमच्या.

क्रँक स्ट्राँगलाइटचा. तो काढायच्या पुलरचे आटे २३.३५ मिलिमीटरचे, नेहमीच्या २२ चा पुलर त्यात नुसता गरगर फिरतो. बाहेरून मागवायचा तर महिना आणि माझ्या एका लेखाचं मानधन. शेवटी भोसरीत एका लेथवाल्याने माप घेऊन दोन दिवसांत घडवून दिला. पैसे विचारले तर म्हणाला, “चहा पाजा.” (चहा पाजला. वडापावही.)

रंगाबद्दल माझी आणि दादांची चांगलीच जुंपली. त्यांना पावडर कोटिंग करून चकाचक हवी होती. मी म्हटलं, ओरखडे राहू देत. जुनी सायकल नव्यासारखी दिसायला लागली की तिच्यात आणि कॅफेच्या भिंतीत फारसं अंतर उरत नाही. छर्रे सगळे नवे, ब्रेकचे रबर नवे (पन्नास वर्षांत ते दगड झाले होते), आणि चिकटवायच्या ट्युब्युलर टायरांऐवजी नव्या रिम बांधून साधे ७००सी टायर. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडायचं तर खुशाल मुरडा. पंक्चर घाटात काढायचं मला आहे.

राहता राहिला गिअर. पुढे ५२ आणि ४५ दात, मागे सगळ्यांत मोठं चक्र २३ चं. म्हणजे सगळ्यांत हलक्या गिअरलासुद्धा पेडलच्या एका फेऱ्यात सायकल चार मीटर पुढे जाते. सपाटीवर मस्त, बोरघाटात मरण. ४५ काढून ३८ बसवू का, हे विचारायला मी धाकधूक करतच फोन केला. वाटलं, काका चिडणार. ते म्हणाले, “बसव की. मी बसवलं नाही, म्हणून शिंग्रोबाला उतरलो.” हे त्यांनी आजवर घरीही सांगितलं नव्हतं म्हणे.

एक्स्प्रेस-वेवर सायकलला बंदी, म्हणून जुना रस्ता. खोपोलीपर्यंत टेम्पोतून गेले आणि पहाटे सहाला सुरुवात केली. शिंग्रोबाच्या देवळाशी धाप लागली होती, पण थांबले. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची कथा. ट्रकवाले नाणं टाकून जातात, मीही टाकलं. पुढची वळणं नुसती मोजत गेले. बाजूला ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत होते आणि आमचा दोघांचा स्पीड जवळजवळ सारखा! मध्येच सिम्प्लेक्सचा गिअर आपोआप सरकला. याला आजच्यासारखी क्लिक नाही, लिव्हर बोटाने अंदाजाने धरून ठेवायची. उरलेला घाट मी एका हाताने तोच धरून चढले.

एक तास बावीस मिनिटं. शर्यतवाले हसतील, हसू देत.

काका फाटकात उभे होते. शाबासकी वगैरे काही नाही. आधी वाकून क्रँक हलवून बघितला, मग चेनला बोट लावलं, मग म्हणाले, “सीट अर्धा इंच खाली घे.” घेतली. आणि मुलगा “बाबा, गुडघा!” म्हणून ओरडेपर्यंत त्यांनी टांग टाकली होती. अंगणात दोन फेऱ्या.

कॅफेवाल्यांना मुलाने एक जुनी हर्क्युलस मिळवून दिली आहे. परवा बघून आले. भिंतीवर छान दिसते. कॉफी मात्र अडीचशे रुपये.