भोक किती, नळी केवढी?

"तू आर्ट्‌सचा, तुला सूत्राशी काय करायचे?" असे एका वर्गमित्राने हिणवले, म्हणून हे लिहितो आहे.

माझे अण्णा सुतार; शाळा सातवीत सुटली. जुन्या सबवूफरसाठी त्यांनी प्लायची ६० लिटरची पेटी केली. १० सेंटिमीटर व्यासाची पीव्हीसी नळी अंदाजाने १२ सेंटिमीटर कापून भोकात बसवली. ऐकून म्हणाले, "घुमतंय, पण खालचा सूर नाही."

निदान अचूक होते. ग्रंथालयातल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हेल्महोल्ट्‌झचा नियम सापडला: नळीतली हवा हे वजन, पेटीतली हवा ही स्प्रिंग. हिशेबाने पेटी ४५ हर्ट्‌झला घुमत होती. ३५ हवे तर नळी सुमारे २५ सेंटिमीटर! अरुंद नळी तोकडी चालते खरी, पण ती मोठ्या आवाजात फुसफुसते.

दोष कानाने पकडला. किती, ते सूत्राने सांगितले. आम्ही कलाशाखेवाले मात्र आकडा दिसला की पान उलटतो आणि त्यालाच रसिकता म्हणतो.

नवी नळी बसली. अण्णा बराच वेळ तिच्या तोंडाशी तळहात धरून बसले. मग म्हणाले, "पुढच्या पेटीचं माप तूच काढ."